आठवड्याची मीटिंग बंद करा म्हणणाऱ्यांना

जुना सेक्रेटरी

परवा इथे एकाने लिहिलं होतं की रोटरी क्लबच्या दर आठवड्याच्या मीटिंगा म्हणजे बेल वाजवा, प्रार्थना म्हणा, वाढदिवसाला टाळ्या वाजवा, पाहुण्याचं भाषण ऐका आणि फोटो काढा, दीड तास असाच जातो, त्यापेक्षा महिन्यातून एकदा ऑनलाइन भेटा आणि बाकीचे पैसे पाठवून मोकळे व्हा. खाली सगळ्यांनी "अगदी मनातलं बोललात" लावलेलं. मी तेव्हा गप्प बसलो पण दोन दिवस ते डोक्यातून जाईना, म्हणून आता सविस्तर लिहितोय.

मी चार वेळा सेक्रेटरी होतो आणि एकदा प्रेसिडेंट. आमच्याकडे रुग्णसाहित्य केंद्र आहे, वॉकर, कमोडची खुर्ची, पाठीला टेकायचा स्टँड, पाण्याची गादी, असं सगळं लोक नेतात आणि गरज संपली की परत आणून देतात. त्याची एक लांब वही आहे. नाव, वस्तू, नेल्याची तारीख, परतीची तारीख. ही वही दर मीटिंगला टेबलावर उघडी असते आणि ज्याच्या ओळखीने वस्तू गेली त्याने उभं राहून सांगायचं, पेशंट कसा आहे. एकदा एका वॉकरपुढे परतीची तारीख तीन महिने कोरी होती. कुणीतरी म्हणालं फोन करून मागून घेऊ. दुसरा म्हणाला फोन नको, मी त्याच रस्त्याने जातो. गेला तर आजी एकट्या, वॉकरचं एक रबरी बूट झिजून गेलेलं, फरशीवर सरकतं म्हणून त्या वॉकर भिंतीला लावून ठेवायच्या आणि भिंत धरून चालायच्या. मागितलं तर आपल्याकडचा काढून घेतील म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच संध्याकाळी बूट बदललं. सांगा, हे महिन्यातून एकदाच्या स्क्रीनवर कळलं असतं का?

आणि इतिहास काढायचाच तर १९०५ मध्ये शिकागोत पॉल हॅरिस आणि तीन जण एका ऑफिसात जमले, मग आळीपाळीने एकमेकांच्या ऑफिसात जमायला लागले, रोटरी हे नावच त्यावरून पडलं. सेवेचं काम पुढे आलं. आधी माणसं भेटली. ज्यांना भेटायचा कंटाळा आहे त्यांनी खुशाल देणगी द्यावी, पावती मिळेल, पण मेंबर कशाला व्हायचं?

नवा मेंबर

ती पोस्ट माझी होती. त्यामुळे उत्तर मीच देतो.

वॉकरची गोष्ट चांगली आहे, मनापासून सांगतो. पण ती वही उघडून विचारणं हे पंधरा मिनिटांचं काम आहे काका. माझा वैताग उरलेल्या सव्वा तासाचा आहे. आमच्याकडे मागच्या महिन्यात चार मीटिंगा झाल्या, त्यात एकीत प्रोजेक्टवर बोलणं झालं. तीन मीटिंगांत मागच्या फंक्शनचे आभार आणि पुढच्या फंक्शनचं निमंत्रण. सार्जंट, म्हणजे मीटिंगची शिस्त बघणारा मेंबर, उशिराचा दंड घेतो, मी पाळीतून सुटून धावत येतो तरी दर वेळी दंड, लोक हसतात, मला हसू येत नाही.

आणि हे नुसतं वेळेचं नाही. माझे वडील आयसीयूत होते तेव्हा तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा फोन आला. मी बाहेरच्या बाकावर बसलेलो, हातात औषधांची पिशवी. मला वाटलं चौकशीला केलाय. तर म्हणाले सलग तीन मीटिंगा चुकल्या, चौथी चुकली तर नाव जाईल, मेकअप, म्हणजे दुसऱ्या क्लबात बसून भरपाई, कुठे करणार ते सांगा. मी फोन ठेवला आणि पिशवीतल्या बाटल्या मोजत बसलो, दुसरं काही सुचेना. त्या दिवसापासून ती बेल वाजली की मला तो बाक आठवतो.

राहिला १९०५ चा मुद्दा, तर तेव्हा एकमेकांची खबर कळायला दुसरा उपाय काय होता? रोटरीने स्वतःच २०१६ पासून क्लबांना मोकळीक दिली आहे, महिन्याला दोन मीटिंगा पुरतात, त्याही कुठल्या स्वरूपात घ्यायच्या ते क्लबने ठरवायचं. लायन्सचे बरेच क्लब तर पहिल्यापासून महिन्यातून दोनदाच भेटतात. त्यांच्या हातून सेवा होत नाही का?

हिशोबनीस

दोघांचंही थोडं थोडं पटतं पण मूळ रोग वेगळाच आहे आणि तो कुणी बोलत नाही. दर १ जुलैला नवा प्रेसिडेंट येतो आणि आधीच्याचं सगळं काम अनाथ होतं. मी सहा वर्षं खजिनदार आहे, मला वह्यांत दिसतं. एका वर्षी शाळेला पाण्याची टाकी आणि फिल्टर बसवला, फलक लावला, फोटो झाला. पुढच्या वर्षी फिल्टरची कँडल बदलायला पैसे मागितले तर उत्तर आलं की तो मागच्या टीमचा प्रोजेक्ट आहे. कँडल बदलायला! मुलं त्याच नळाचं पाणी पितात ना? तुम्ही मीटिंग आठवड्याला घ्या नाही तर रोज घ्या, जोपर्यंत "माझं वर्ष" हा शब्द क्लबातून जात नाही तोपर्यंत काही होणार नाही.

जुना सेक्रेटरी

हिशोबनीस, तुमचं दुखणं खरं आहे पण तो वेगळा धागा काढा. आणि सांगतो, ती कँडल मीटिंगमध्येच मंजूर होऊ शकते, प्रश्न विचारायची धमक लागते.

नव्या मेंबरना, वडिलांच्या वेळी आलेला फोन चुकीचा होता. पण एका सेक्रेटरीच्या अकलेवरून सगळी पद्धत मोडीत काढू नका. हजेरीचा नियम कुणाला छळायला नव्हता. निम्म्या मीटिंगांना हजेरी, मीटिंगच्या साठ टक्के वेळ बसलं तरच ती धरायची, गैरहजर राहिलं तर दुसऱ्या कुठल्याही क्लबात जाऊन मेकअप. मी कामानिमित्त परगावी असताना अनोळखी क्लबात जाऊन बसलोय, भाषा येत नव्हती तरी त्यांनी शेजारची खुर्ची ओढून दिली. वय आणि मेंबरशिपची वर्षं मिळून पंच्याऐंशी झाली की हजेरीतून सूट मिळते, तरी आमच्याकडे अशी सूट असलेले दोघे दर आठवड्याला येतात. त्यांना कुणी पकडून आणतं का?

बॅज नसलेली

मी नुसती वाचत होते पण "आधी माणसं भेटली" हे वाक्य खुपलं. कुठली माणसं? पुरुष भेटले.

माझ्या सासूबाईंनी बावीस वर्षं क्लबच्या नेत्रशिबिरांचं काम केलं. शिबिराच्या आदल्या रात्री घरात जमिनीवर सतरंजी, त्यावर कार्डांचे गठ्ठे, प्रत्येक कार्डाला दोरा ओवायचा कारण ऑपरेशननंतर पेशंटला कार्ड सापडत नाही, गळ्यात असलं की हरवत नाही. ही युक्ती त्यांची. दोरा किती लांब ठेवायचा हेही त्यांनी ठरवलेलं, डोळ्यावरच्या पट्टीला लागणार नाही इतका. शिबिराला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मानपत्र सासऱ्यांना मिळालं. सासूबाईंना "अ‍ॅन", म्हणजे मेंबरची बायको, म्हणून स्टेजच्या बाजूला उभं केलं आणि एक फूल दिलं. मानपत्रात शेवटची ओळ, "यात त्यांच्या सौभाग्यवतींची साथ मोलाची". नाव सुद्धा नाही.

तेव्हा आठवड्याला भेटावं की महिन्याला हे तुम्ही ठरवत बसा. त्या मीटिंगच्या वहीत बावीस वर्षांत ज्यांची एकही हजेरी लागली नाही त्या बायकांनी निम्मं काम केलं, हे आधी लिहा.

हिशोबनीस

ताई, आता काळ बदललाय, आमच्याकडे नऊ महिला मेंबर आहेत आणि त्या वेळी इनर व्हील, रोटरीवाल्यांच्या बायकांची संस्था, होतीच की, १९२४ पासून आहे, त्यांचं स्वतःचं मोठं काम आहे.

बॅज नसलेली

इनर व्हीलचा मला आदर आहे, मँचेस्टरच्या बायकांनी स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं आहे ते. पण "तुमच्यासाठी ते आहे ना" हे वाक्य दार बंद करायला वापरू नका. आणि काळ आपोआप नाही बदलला. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते क्लबने १९७७ ला तीन बायकांना मेंबर केलं तर रोटरीने त्या क्लबचीच मान्यता काढून घेतली. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं, १९८७ ला निकाल क्लबच्या बाजूने लागला, त्यानंतर १९८९ ला नियम बदलला. म्हणजे कोर्टाने हात धरून दार उघडायला लावलं. जेनिफर जोन्स पहिल्या महिला जागतिक अध्यक्ष झाल्या त्या २०२२ मध्ये, एकशे सतरा वर्षांनी! लायन्समध्ये तरी पहिल्या महिला अध्यक्ष २०१८ ला झाल्या. आणि तुमच्या नऊ महिलांपैकी सेक्रेटरी किती झाल्या, आणि स्वागताला फुलं घेऊन किती उभ्या राहतात ते मोजून सांगा.

जुना सेक्रेटरी

विषय मीटिंगचा चालला होता. दर वेळी प्रत्येक चर्चा इथेच आणायची का? माझ्या क्लबात मी कधी कुणा बाईला अडवलं नाही.

बॅज नसलेली

अडवलं नाही, बरोबर. विचारलं पण नाही. सासूबाईंना कुणीच अडवलं नव्हतं.

रोटरॅक्टवाला

काका चिडू नका पण ताई मीटिंगबद्दलच बोलतायत. आठवड्याला ठरलेल्या वेळी, संध्याकाळी, दीड तास, घरातून बाहेर पडायचं, हे कुणाला जमतं? ज्याच्या घरी मागे कुणीतरी सांभाळणारं आहे त्याला. आमच्या रोटरॅक्टमध्ये, म्हणजे रोटरीच्या तरुणांच्या क्लबात, मुलींची संख्या चांगली आहे, पण वय वाढलं, लग्न-नोकरी झाली की त्या मोठ्या क्लबात जात नाहीत, मुलगे जातात. मला हे आत्ता हा धागा वाचताना जाणवलं.

बाकी मी आठवड्याच्या बाजूने आहे. लॉकडाऊनमध्ये आम्ही सगळं ऑनलाइन केलं, पहिले दोन महिने खूप गर्दी, मग कॅमेरे बंद, मग नावं आहेत पण माणसं नाहीत. रक्तदात्यांची यादी मात्र तेव्हाही चालली कारण तिला रोज फोन करणारे तिघं होते.

नवा मेंबर

हेच तर! यादी फोन करणाऱ्यांनी चालवली, मीटिंगने नाही.

हिशोबनीस

आणि ते तिघं एकमेकांना कुठे भेटले होते? पोलिओचंच घ्या. रोटरीने १९७९ ला फिलिपिन्समध्ये साठ लाख मुलांना लस देण्यापासून सुरुवात केली, १९८५ ला पोलिओप्लस ही जगभरची मोहीम, आज वाइल्ड म्हणजे नैसर्गिक पोलिओ पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात उरलाय. चाळीस वर्षं एकच काम लावून धरणं, मधे किती १ जुलै आले! म्हणजे ठरवलं तर जमतं. आपल्याला एक कँडल जमत नाही.

नवा मेंबर

पोलिओ सरकारांनी, आरोग्यसेविकांनी आणि लसीने हटवला, आपण पैसे आणि हात दिले, मोठेच दिले, पण त्याचं श्रेय आपल्या बेलला लावू नका. ज्या बाई दारोदार थंड डबा खांद्याला लावून फिरल्या त्यांना कुठल्या मीटिंगची हजेरी होती?

जुना सेक्रेटरी

रात्री परत सगळं वाचलं.

बॅज नसलेली ताई, तुम्हाला उत्तर देताना मी तिरसटपणा केला. आमची वही काढून बघितली. वस्तू परत आणून देणाऱ्याची सही असते आणि घेणाऱ्याची पण. घेणाऱ्याच्या रकान्यात वर्षानुवर्षं माझ्या बायकोची सही आहे, कारण सामान आमच्या जिन्याखाली असतं आणि मी दिवसभर कामावर. वॉकर पुसून, बोल्ट आवळून तीच ठेवते. मेंबर नाही. मी तिला आज विचारलं होतेस का मेंबर, तर म्हणाली आता साठाव्या वर्षी विचारतोस होय. हो-नाही काहीच म्हणाली नाही.

आठवड्याची मीटिंग मी सोडणार नाही. पंधरा दिवसांनी विचारलं असतं तर त्या आजी मधल्या काळात पडल्या असत्या, हे माझ्या डोक्यातून जात नाही. पण दीड तास लागत नाही हे मान्य. आधी वही, मग प्रोजेक्ट, आभार-सत्कार शेवटी आणि ज्याला जायचं त्याने तोपर्यंत निघून जावं, हजेरी लागलेली. उशिराचा दंड पाळीवाल्यांना नको, हे मी बोर्डात मांडतो. पास होईल याची खात्री देत नाही, सार्जंट आमचा हट्टी आहे.

नवा मेंबर

तासाभरात आटपणार असेल तर दोन महिने येऊन बघतो. मत बदललं असं नाही. आणि कुणाच्या घरी आजारपण असेल तर सेक्रेटरीने हजेरीचा शब्द काढायचा नाही, हेही बोर्डात लिहून घ्या.

जुना सेक्रेटरी

लिहून घेतो. वडील कसे आहेत आता?

नवा मेंबर

घरी आहेत. चालतात हळूहळू, पण रात्री बाथरूमला जाताना कुणीतरी धरावं लागतं.

बॅज नसलेली

मग कमोडची खुर्ची पलंगाशेजारी ठेवा, रात्री उठवायलाच नको. काकांच्या जिन्याखाली असेल एखादी, काकूंना विचारा.