उडून गेली म्हणजे जगली असं नाही

जखमी शिकारी पक्षी बरा करून परत सोडण्याबद्दल 'पिंजरा उघडला, घार झेपावली, काम फत्ते' असं एकांनी लिहिलंय. मला ते पटत नाही. शिकारी पक्ष्याला नुसतं उडता येऊन भागत नाही, झडप घालून भक्ष्य धरता आलं पाहिजे. ते जमलं नाही तर तो उपाशी मरतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

सोडलेला पक्षी जगला का, हे पायात घातलेल्या क्रमांकाच्या कड्यावरून फार थोडं कळतं, कारण तो पक्षी पुन्हा कुणाला तरी सापडावा लागतो. जीपीएस ट्रान्समीटर ठावठिकाणा कळवत राहतो, पण वजनाचं भान हवं. साधारण नियम असा, की यंत्र पक्ष्याच्या वजनाच्या ३ टक्क्यांपेक्षा जड नको: ८०० ग्रॅमच्या घारीला २४ ग्रॅम, २०० ग्रॅमच्या खरुचीला (हा छोटा ससाणा) जेमतेम ६, आणि त्यात पट्टेही आले. टेफ्लॉनचे हे पट्टे पाठीवरच्या दप्तरासारखे बांधतात. घट्ट झाले तर पंखाखालची कातडी सोलवटते, सैल राहिले तर चोच अडकते. म्हणून जोडावर सुती दोऱ्याची शिवण घालावी. दोरा कुजला की यंत्र आपोआप गळून पडतं.

नकाशावरचा ठिपका एकाच जागी थांबला की पोटात गोळा येतो. अशा वेळी वाट न पाहता तिथे जावं. पक्षी मेलेला सापडलाच, तर हातमोजे घालून छाती चाचपावी. मधलं हाड सुरीच्या धारेसारखं लागलं तर बहुधा उपासमार किंवा दीर्घ आजार. छाती भरलेली असेल तर आधी जवळपास विजेची तार आहे का ते बघा.