दोन बॉल पायथन, दोन तऱ्हा: एक रात्रभर हिंडतो, दुसरी मडक्यातून बाहेरच येत नाही

कणबर्गीकर

नमस्कार मंडळी. मी बेळगावात कणबर्गीला राहतो, उद्यमबागेत सेकंड शिफ्टला कामाला आहे. घरी दोन बॉल पायथन (अजगराच्या जातीतला छोटा, बिनविषारी साप) आहेत, नर भैऱ्या आणि मादी गोदा. दोघंही एकाच ब्रीडरकडून आणलेली, दोन वर्षांची. काचेच्या पेट्या वेगवेगळ्या पण एकाच मापाच्या, एकाच रॅकवर, गोदाची वर आणि भैऱ्याची तळाला. नारळाचा भुसा, हीट मॅट, पाण्याचं भांडं, पालथं मडकं, सगळं सारखं. तरी दोघांच्या वागण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

भैऱ्या म्हणजे नुसता उत्साह. मी रात्री कामावरून येतो तेव्हा हा काचेला नाक लावून कडेकडेनं फेऱ्या मारत असतो. फांदीवर चढतो, जाळीचं झाकण डोक्यानं ढकलून बघतो, उतरतो, परत फेऱ्या. पहाटे नळाला पाणी आलं म्हणून उठलो तरी याचं चालूच. गोदा याच्या उलट. मडक्यात शिरली की शिरली. उचलली की डोकं वेटोळ्यात खुपसून घट्ट गोळा होते आणि हातात तशीच राहते. उंदीर दिला तर मडक्याच्या तोंडातूनच झडप घालून आत ओढते आणि परत सामसूम. भैऱ्यानं दिवाळीपासून काही खाल्लेलं नाही, पण इतका हिंडतोय म्हटल्यावर त्याची चिंता वाटत नाही. गोदाचीच वाटते. आई रोज विचारते, "ही अशी कुढत का बसलीय?"

एका ओळखीच्यानं सांगितलं, मडकं काढून टाक, आपोआप धीट होईल. दुसरा म्हणतो, रोज तासभर हातात घेऊन बस. काय करू? हा आजार आहे की तिचा स्वभावच असा? जाणकारांनी सांगा की.

मलप्रभाकाठ (खानापूर)

मडकं काढू नकोस. हे पहिलं सांगतो, बाकीचं सावकाश. वयानं मी बराच मोठा आहे, त्यामुळे अरेतुरे करतोय.

तू लिहिलंयस त्यावरून गोदा ठणठणीत वाटते. मला काळजी वाटली ती भैऱ्याची.

हा साप मूळचा पश्चिम आफ्रिकेतला, घाना, टोगो, बेनिनकडच्या गवताळ माळांवरचा. तिथं तो उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात दिवस काढतो, अंधार पडला की हालचाल सुरू करतो आणि शिकार बहुतेकदा दबा धरूनच करतो. आडोशाला डोकं ठेवून बसायचं, समोरून काही गेलं की झडप. गोदा मडक्यात बसून नेमकं हेच करतेय. वेळेवर खाते, भ्यायली की गोळा होते, यात आजाराचं काही नाही. नायजेरियात रानातल्या बॉल पायथनवर अभ्यास झालाय, त्यात नर झाडाझुडपांवर जास्त सापडले आणि त्यांच्या खाण्यात पक्षी जास्त निघाले. माद्यांचा भर जमिनीवरच्या उंदरांसारख्या प्राण्यांवर. म्हणजे एकाला फांदी आवडणं आणि दुसरीला मडकं आवडणं यात नर-मादीचाही भाग असू शकतो.

आता भैऱ्या. फांदीवर चढून थांबणारा साप वेगळा आणि काचेला नाक घासत रात्रभर फेऱ्या मारणारा वेगळा. पहिला मध्येच थबकतो, जीभ सावकाश बाहेर काढतो, वरखाली हलवतो, मग पुढे सरकतो. दुसरा थांबतच नाही. जीभ भराभर आतबाहेर, कोपरा आला की वर चढायची धडपड, घसरला की पुढचा कोपरा. उद्या उजेडात त्याला हातात घे आणि नाकाच्या टोकावरचं खवलं बघ. ते गुलाबी झालं असेल, सोललं असेल, तर तो मजेत हिंडत नाहीये, बाहेर पडायची वाट शोधतोय. का शोधतोय? ऊब कमी पडत असेल, अंग चोरून बसायला जागा नसेल, किंवा हंगाम असेल. वयात आलेले नर हिवाळ्यात मादीच्या शोधात असतात आणि महिनोन्‌महिने तोंडाला उंदीर लावत नाहीत, आणि इथं तर मादी त्याच खोलीत आहे.

पण हंगामाला दोष देण्याआधी ऊब मोज. त्याची पेटी तळाला आहे म्हणतोस. पौषात बेळगावात रात्री पारा १३-१४ अंशांपर्यंत उतरतो. खाली शहाबादी फरशी असेल तर तळचा कप्पा वरच्यापेक्षा गारच राहणार. काचेवर चिकटवलेला गोल काटा हवेचं सांगतो, सापाच्या पोटाखालचं सांगत नाही. तापमापकाचा वायरचा प्रोब मडक्याखाली भुशात ठेवून बघ. उबदार बाजूला ३१-३२, गार बाजूला २६ च्या आसपास, आणि रात्रीही २४ च्या खाली नको. मॅटला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या उबेला मॅट आपोआप बंद करणारा, हवाच, नाहीतर पोट भाजतं.

आता स्वभावाचं. प्रत्येक सापाला स्वभाव असतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या प्रयोगशाळेत झाली, त्यामुळे वही ठेवायची सवय आहे. माझ्याकडे एकाच वेळच्या अंड्यांतल्या दोन बहिणी आहेत, ठिपकी आणि काळी. दिवा घालवल्यापासून डोकं बाहेर यायला किती वेळ लागला आणि हात लावल्यावर काय केलं, एवढंच लिहितो. ठिपकीचं असं, की आधी मडक्याच्या काठावर फक्त जिभेची दोन टोकं दिसतात. मग हनुवटी काठावर टेकते. वरच्या ओठावर उष्णता ओळखणारे बारीक खळगे असतात, ते खोलीकडे करून ती थोडा अंदाज घेते आणि सरळ निघते. काळी त्याच काठावर हनुवटी टेकून तासन्‌तास राहते, कधी कधी तिथूनच मागे फिरते. मग मी दोघींच्या पेट्या आपसांत बदलल्या. दोघी निरोगी, एकाच घरात वाढलेल्या, म्हणून हे चाललं. बाहेरून नवा आणलेला साप असेल तर असं करायचं नाही. थोडे दिवस दोघी बिथरल्या, मग ठिपकी नव्या पेटीतही दिवा घालवला की बाहेर आणि काळी काठावरच. यांचा फरक खरा.

तिसरा नर आहे. तो आधीच्या मालकाकडून "चावरा, रागीट" असं सांगून आला. तिकडे माशांच्या टाकीत होता, चारी बाजूंनी उघडा. मी त्याला दोन्ही टोकांना अंगाला घासेल इतपत अरुंद अशी मडकी दिली, पेटी कोपऱ्यात नेली आणि तीन बाजूंनी पुठ्ठा लावला. आता तो माझ्या मनगटावरून निवांत पलीकडे जातो. तो राग म्हणजे निव्वळ भीती होती, आणि लोकांनी त्याच्यावर स्वभावाचा शिक्का मारला होता. याचं मला फार वाईट वाटतं, कारण असे साप हातोहात विकले जातात आणि कुठंच रुळत नाहीत. ऊब, आडोसा, कात आणि ऋतू या चारींचा हिशेब लागल्यावर जो फरक उरेल त्याला स्वभाव म्हण.

गोदाला रोज बाहेर काढू नकोस. खाल्ल्यावर दोन दिवस तर हातच लावायचा नाही, आणि डोळे दुधाळ झाले की कात पडेपर्यंतही नाही. बाकीच्या दिवशी हात आत ठेवून नुसता थांब, डोक्यावरून झाकोळ येईल असा वरून घालू नको. ती रात्री फिरते का हे बघायचं असेल तर झोपायच्या आधी भुसा हातानं सपाट करून ठेव. सकाळी माग दिसतो.

निपाणीवाली

काकांच्या चार गोष्टींत एक पाचवी घाला, मॉर्फ (पैदाशीतून जपलेला रंग-नक्षीचा प्रकार) कुठला ते. माझ्याकडे 'स्पायडर' मॉर्फचा नर आहे. घरी येणारे सगळे म्हणतात, किती खेळकर आहे, मान कशी वेळावतो! तो खेळ नाही. या मॉर्फमध्ये आतल्या कानाची घडणच बिघडलेली असते, त्यामुळे तोल सांभाळता येत नाही, डोकं डुलतं, कधी मान उलटी होते. उंदीर धरताना नेम चुकतो आणि मग तो आणखी गडबडतो. हे जन्मजात आहे, कुठल्याही औषधानं जात नाही. मी त्याच्या पेटीत उंच फांदी ठेवत नाही आणि खाणं अगदी तोंडाजवळ धरते. त्याच्यावर माझा फार जीव आहे, पण या मॉर्फची पैदास करू नये असंच मी सगळ्यांना सांगते.

कणबर्गीकर, तुमच्या दोघांचे मॉर्फ लिहिले नाहीत. साधे असतील तर हा मुद्दा सोडून द्या.

चिकोडीचा सर्पमित्र

भैऱ्या झाकण ढकलून बघतो, ही ओळ वाचून लिहायला बसलो. घरातून निसटतो तो असलाच साप, बसून राहणारा नव्हे. नुसतं जाळीचं झाकण असेल तर आजच दोन्ही बाजूंना क्लिपा किंवा कडी लाव. हा साप गल्लीत दिसला की लोकांना आपला अजगरच वाटतो, आणि आम्ही पोचेपर्यंत काठ्या बाहेर आलेल्या असतात. बिनविषारी, लाजाळू जनावर, हकनाक जातं.

दुसरं, नोंदणी केलीस का? २०२२ च्या दुरुस्तीनं वन्यजीव संरक्षण कायद्यात 'साइट्स' या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या प्राण्यांसाठी अनुसूची ४ आली. बॉल पायथन त्यात येतो. २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत परिवेश या सरकारी पोर्टलवर अर्ज करावा लागतो. सीमाभागात हमखास घोळ होतो तो इथं. साप पुण्याहून किंवा कोल्हापुराहून आणला तरी राहणारा कर्नाटकातला, म्हणून अर्ज कर्नाटकच्याच मुख्य वन्यजीव वॉर्डनकडे जातो. आणि आपला अजगर अनुसूची १ मध्ये आहे, तो घरात ठेवणं गुन्हाच. कंटाळा आला म्हणून बॉल पायथन जांबोटीच्या रानात सोडायचा विचारही कोणी करू नये.

कणबर्गीकर

सगळ्यांचे आभार. नोंदणी साप घेतले तेव्हाच केलीय, दोघंही साध्या रंगाचेच आहेत, आणि क्लिपा आज आणल्या.

काका, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. भैऱ्याच्या नाकाचं टोक गुलाबी आहे, एक खवलं किंचित उचललंय. प्रोब ठेवला तर त्याच्या मडक्याखाली पहाटे २३ आणि मॅटच्या बाजूलाही २७ च्या वर जाईना. गोदाकडे ३१. स्वयंपाकघरातल्या काट्यावर कापडी पिशवीत घालून वजन केलं. गणपतीच्या वेळी भैऱ्या ७१० ग्रॅम होता, आता ६६०. गोदा तेव्हापेक्षा वाढलीय.

आणि भुशाचं सांगायचं राहिलं. सकाळी बघतो तर मडक्यापासून पाण्यापर्यंत, तिथून फांदीखालून पूर्ण पेटीला वळसा घालून परत मडक्यात, एक सलग रुंद माग! मी कामावरून येऊन दिवा लावायचो तोवर ही आत पोचलेली असायची बहुतेक. आईला उठवून दाखवला.

आता भैऱ्याला खायला कधी घालू?

मलप्रभाकाठ (खानापूर)

गोदाच्या आईला, म्हणजे तुझ्या आईला, माझा नमस्कार सांग. माग बघून त्यांना बरं वाटलं असणार.

भैऱ्याची पेटी वर घे, गोदाच्या शेजारी नको, खोलीच्या दुसऱ्या आतल्या भिंतीला. पेटीखाली थर्मोकोलचा जाड तुकडा, झाकणाच्या निम्म्या भागावर जाडसर कापड. प्रोब सलग दोन-तीन पहाटे ३१ च्या आसपास दाखवू लागला की मग आठवडाभर त्याला एकटं सोड. त्यानंतर उंदीर दे, पूर्ण वितळवलेला आणि गरम पाण्यात धरून अंगासारखा कोमट केलेला, कारण गार उंदीर त्या खळग्यांना जाणवतच नाही. अंधार पडल्यावर लांब चिमट्यानं, मडक्याच्या तोंडाशी. नाही घेतला तर काढून घे आणि पंधरा दिवस परत विचारू नको. रोज समोर नाचवला तर तो उंदरालाच भ्यायला लागतो. गोदाला हाताळून झालं की साबणानं हात धुऊनच त्याच्याकडे जा.

सात टक्के वजन उतरलंय, हे नराला हिवाळ्यात चालतं. दहाच्या पुढं गेलं, श्वासाला शिट्टीसारखा आवाज आला, नाकातोंडाशी बुडबुडे दिसले किंवा तो तोंड उघडून मान वर धरायला लागला, तर एक दिवसही न थांबता डॉक्टर गाठायचा, आणि सरपटणारे प्राणी बघणाराच. ऊब सुधारून फेऱ्या थांबल्या तर प्रश्न मिटला. नाही थांबल्या, पण होळीच्या सुमाराला आपोआप कमी होऊन खायला लागला, तर तो हंगाम होता असं वहीत लिही, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल. ही जनावरं दीर्घायुषी आहेत. सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका मादीनं २०२० मध्ये साठी उलटल्यावर अंडी घातली, आणि तेही जवळ नर नसताना. त्यामुळे भैऱ्याचा स्वभाव काय ते या एका थंडीत ठरवायची गरज नाही.

वजन दर रविवारी, त्याच काट्यावर, खाणं द्यायच्या आधी. रात्री लाईट गेली तर पेटीवर घोंगडं टाक आणि गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून मडक्याच्या बाहेर ठेव, आत नको.