2001 ची मॅटिझ: पूर्ण रंगवू की मूळ रंग राखू?

पर्वती_पायथा

बाबांनी 2001 च्या सुरुवातीला घेतलेली देवू या कोरियन कंपनीची छोटी मॅटिझ आमच्याकडे आहे. चंदेरी, एमएच-12, पहिल्यापासून घरातच. बाबा गेल्यावर मी चालवायला घेतली आणि आता मला दुसरी गाडी नको आहे. सहकारनगरातून सदाशिव पेठेतल्या शाळेत जाते, सुट्टीच्या दिवशी आईला तुळशीबागेच्या बाजूला नेते. नव्या मोठ्या गाड्या ज्या बोळात शिरायला कचरतात, तिथे ही एका दमात वळते. छत उंच आणि सीटही उंच, त्यामुळे आईला गुडघे दुमडून, अंग चोरून आत शिरावं लागत नाही. ती सरळ टेकते आणि पाय आत घेते.

इंजिन ठणठणीत आहे. प्रश्न पत्र्याचा. डाव्या मागच्या दाराच्या खालच्या कडेला गंज फुगलाय, छतावरचा चकाकीचा थर उडालाय. गॅरेजवाले दादा म्हणतात, "ताई, एकदाच फुल पेंट मारून टाकू, नवी कोरी दिसेल." भाऊ म्हणतो, भंगारात द्या. मला ती नवी दिसायला नको आहे, नीट राहायला हवी आहे. पूर्ण रंगवू, की गंजापुरतं काम करून बाकी कंपनीचा रंग ठेवू? नोंदणीची मुदत संपत आलीय, त्यामुळे आत्ताच ठरवायचंय. आणि ही गाडी मनापासून आवडणारं पुण्यात आणखी कोणी आहे का, हेही विचारायचंय.

भोसरीचा_डायमेकर

ताई, फुल पेंट करू नका. कारण सांगतो, जरा लांबेल.

मी भोसरी-चिंचवडच्या टूलरूममध्ये पत्र्याचे डाय, म्हणजे दाबयंत्रात पत्र्याला आकार देणारे साचे, करण्यात आयुष्य घालवलं. गाडी दिसली की आधी तिच्या कडा बघायच्या, ही सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही. तुमची मॅटिझ उतरत्या उन्हात उभी करा आणि बाजूने चाला. पुढच्या चाकावरचा फुगवटा कुठे संपतो, दाराची कड कुठे सुरू होते, बोनेटचा उंचवटा काचेकडे कसा सरकतो ते बघा. साडेतीन मीटरपेक्षा पाच मिलिमीटर कमी लांबीची गाडी, तरी कुठेही आखूड कापल्यासारखी वाटत नाही. ही किमया त्या रेषांची आहे. शिवाय रेषा नुसत्या शोभेच्या नसतात. सपाट पत्रा अंगठ्याने दाबला तरी डब्यासारखा आतबाहेर होतो. त्याच जाडीच्या पत्र्याला घडी किंवा बाक दिला की तो ताठ उभा राहतो. स्वस्त, हलक्या गाडीत पत्रा जाड करून भागत नाही, आकारानेच ताकद आणावी लागते. ज्याने हे रेखाटलं त्याला दाबयंत्रातून काय निघतं आणि काय फाटतं, याची पक्की जाण होती.

रेखाटणारा म्हणजे इटलीतल्या तुरिनचे जॉर्जेत्तो जुजारो. फोक्सवॅगनची 1974 ची गोल्फ त्यांची, 1980 ची फियाट पांडा त्यांची. कोरियाची घराघरात पोहोचलेली पहिली स्वतःची गाडी ह्युंदाई पोनी, तीही त्यांचीच. तिचा नमुना 1974 मध्ये तुरिनच्याच प्रदर्शनात मांडला होता. म्हणजे कोरियाने छोटी गाडी कशी दिसावी हे शिकायला सुरुवात केली ती यांच्याकडून, आणि पाव शतकानंतर मॅटिझला पुन्हा तोच हात लागला. मॅटिझचं मूळ त्यांच्या इटालडिझाइन या डिझाइन कंपनीने 1993 मध्ये फियाटच्या चिंक्वेचेंतोवरून केलेल्या 'लुचोला' या नमुन्यात आहे. फियाटने तो कारखान्यापर्यंत नेला नाही. देवूने ती कल्पना उचलली, तिला पाच दारं दिली आणि 1998 मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात गाडी दाखवली. एका कंपनीने बाजूला ठेवलेला कागद दुसरीने लाखो लोकांच्या दारात उभा केला, याचं मला आजही फार कौतुक वाटतं.

आता रंगाचं. फुल पेंट म्हटलं की आधी सगळीकडे घासकाम, मग खड्डे बुजवायला पुट्टी, मग पुन्हा घासकाम. सांगितलेल्या पैशात आणि दिवसांत बसवायचं म्हणून पोरं मशीन लावतात आणि कडेवरून ते फिरलं की कड बोथट होते. डायमध्ये धारदार निघालेली रेषा साबणाच्या वडीसारखी गोल होऊन बसते. रंग चकचकीत, गाडी मात्र सुजलेली. मूळ रंग फिका असला तरी त्याच्याखाली रेषा जशीच्या तशी आहे. ती एकदा गेली की परत येत नाही.

मी काय करेन ते सांगतो. मागच्या दाराचं आतलं कव्हर काढून तळाची पाणी निचऱ्याची भोकं बघा. काचेवरून उतरलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं. तिथे माती बसली की पाणी साचतं आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेरून नुसती पुट्टी भरली तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फुगणार. कुजलेली पट्टी कापून नवा पत्रा जोडायला सांगा, आतून गंजरोधक मेण मारा, भोकं मोकळी ठेवा. छत वेगळं रंगवता येतं, कारण वरचा तो भाग बाजूच्या पत्र्याशेजारी ठेवून कोणी बघत नाही. दाराला मात्र जुळणी लागेल. चंदेरी हा जुळवायला सगळ्यांत अवघड रंग, त्यातले धातूचे कण फवारणीच्या अंतरानेही वेगळे पडतात. आधी नमुन्याची पट्टी रंगवून घ्या आणि ती ट्यूबलाइटखाली नको, उन्हात दाराला लावून बघा.

तीन_सिलिंडर

काकांनी पत्र्याचं सांगितलं, मी बोनेटखालचं सांगतो. 796 सीसी, तीन सिलिंडर. उभ्या गाडीत थोडी थरथर असणारच, पण स्टिअरिंग हातात नाचायला लागलं तर इंजिन माउंटिंगची रबरं बसली आहेत. टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाच्या आतली हालचाल एका तालात ठेवणारा रबरी पट्टा, किलोमीटर कमी झाले म्हणून ठेवू नका, रबराचं वयही मोजतात. शेवटचा कधी बदलला याची नोंद नसेल तर आजच बदला, सोबत वॉटर पंपही. आणि आता पंपावर ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं, तेव्हा पेट्रोलचे सगळे जुने रबरी पाइप इथेनॉलला टिकणारे घाला. खर्च किरकोळ, पण पाइप पाझरला तर आग लागू शकते.

एवढं केलंत की कात्रजचा जुना घाट दुसऱ्या गिअरमध्ये गुणगुणत चढते. त्या इंजिनाचा तो जरासा खरखरीत सूर मला चार सिलिंडरच्या गुळगुळीत आवाजापेक्षा जास्त आवडतो.

सँट्रोवाला_वानवडी

मी दुसऱ्या पक्षातला. 1998 च्या सप्टेंबरमध्ये ह्युंदाईची सँट्रो आली, चार सिलिंडर, 999 सीसी, आणि आमच्या घरी अजून आहे. तिच्या उंच बांध्याला तेव्हा लोकांनी नावं ठेवली आणि पुढे सगळ्यांनी तशाच उंच गाड्या काढल्या. त्याच डिसेंबरात आपल्या पिंपरीची, टाटांची इंडिका आली. त्या एका हंगामात मारुतीशिवायही छोटी गाडी घेता येते हे मध्यमवर्गाला पहिल्यांदा पटलं. पण सुबकपणात मॅटिझ पहिली, हे मी सँट्रोत बसून मान्य करतो.

एक गोष्ट पुणेकरांनी लक्षात ठेवावी. देवू मोटर 2000 मध्ये दिवाळखोरीत गेली, पुढे तिचा मोठा भाग जनरल मोटर्सने घेतला, आणि मॅटिझची पुढची पिढी आपल्याकडे शेवरोले स्पार्क म्हणून आली. ती तळेगावच्या कारखान्यात बनत होती. तो कारखाना आता ह्युंदाईकडे आहे. मॅटिझ आणि सँट्रो, दोघींचीही वंशावळ तळेगावात येऊन मिळते.

कागदपत्रं_जागेवर

नोंदणीबद्दल: पहिली 15 वर्षं झाली की दर 5 वर्षांनी नूतनीकरण. 2025 मध्ये केंद्राने 20 वर्षांवरच्या मोटारींचं शुल्क 10,000 रुपये केलं, त्यावर राज्याचा पर्यावरण कर वेगळा. विमा आणि पीयूसी चालू ठेवा, गाडी तपासणीला न्यावी लागते. 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळेल अशी आशा धरू नका, त्याला 50 वर्षं पूर्ण लागतात. पत्र्याचं काम तपासणीआधी उरका, गंजलेली कड आधी डोळ्यांत भरते.

पर्वती_पायथा

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, काल संध्याकाळी तुम्ही सांगितलं तशी गाडी पर्वतीच्या पायथ्याशी उभी करून बाजूने चालले. दारावरची ती कड मी इतकी वर्षं रोज पुसली, पण पाहिली नव्हती. फुल पेंट रद्द. दार आणि छत एवढंच करणार. माझ्याकडे नोंद नाही, त्यामुळे बेल्टही बदलते. एकच राहिलं: दाराच्या काचेची रबरी पट्टी तडकलीय. ती कुठे मिळेल?

भोसरीचा_डायमेकर

आधी नाना पेठेत स्पेअरवाल्यांकडे जुनी पट्टी घेऊन जा. नावाने मागू नका, तुकडा कापून हातात द्या. छेद जुळला की कुठल्याही गाडीची चालते. नाही मिळाली तर रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात बघा. आणि पट्टी बसवायच्या आधी दाराचं मेणाचं काम झालेलं असू द्या, नाहीतर कव्हर दोनदा उघडावं लागेल आणि त्याच्या प्लास्टिकच्या क्लिपा आता नव्या मिळत नाहीत.