असिसी: चिमाबुएची चित्रं काळी पडली, फ्रान्सिसच्या चरित्राची नाहीत, असं का?

भिंतवेडा
इटलीतल्या असिसी गावच्या सेंट फ्रान्सिस बॅसिलिकाबद्दल (एकावर एक दोन चर्च असलेलं मोठं देऊळ) प्रश्न आहे. वरच्या चर्चच्या डाव्या आडव्या भागात चिमाबुए या इटालियन चित्रकाराने रंगवलेला क्रुसावरचा येशू फोटोच्या निगेटिव्हसारखा दिसतो. चेहरे काळे, आणि वस्त्रांच्या चुण्यांवर जिथे उजेड हवा तिथे नेमका अंधार. त्याच चर्चच्या लांब दालनात फ्रान्सिसच्या चरित्राचे २८ प्रसंग आहेत, ते मात्र बरेच धड. दोन्ही कामं तेराव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांतली मानतात. मेणबत्त्यांच्या धुराने झालं म्हणावं, तर सगळंच सारखं काळवंडायला हवं होतं. की हे १९९७ च्या भूकंपामुळे?
शिवाय, भिक्षेवर जगायची शपथ घेतलेल्या फ्रान्सिसच्या संघाच्या (फ्रान्सिस्कन) चर्चमध्ये एवढी चित्रं आलीच कशी?

चुनागच्ची
भूकंपाचा संबंध नाही, धुराचाही फारसा नाही. दोष पांढऱ्या रंगाचा आहे.

आधी पद्धत समजून घ्या. भिंत ओली करून तिच्यावर जाडसर गिलावा देतात: दोन भाग रेती, एक भाग विरवलेला चुना. कालवलेला माल काही दिवस तसाच ठेवायचा. चुन्यातली धग निवायच्या आत लावला तर पुढे तडे जातात. या थरावर कोळशाने आणि तांबड्या मातीने आराखडा काढतात. मग त्या दिवशी रंगवून होईल तेवढ्याच भागावर बारीक चुन्याचा पातळ थर चढवतात आणि तो ओला असतानाच नुसत्या पाण्यात कालवलेले रंग लावतात. सरस नाही, अंडं नाही. गिलावा सुकताना चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, त्याची पुन्हा चुनखडी होते आणि रंगाचे कण तिच्यात अडकून बसतात. असा रंग सहजी निघत नाही.

पण हे प्रत्येक रंगाला चालत नाही. गेरू, पिवडी, काजळी, हिरवी माती चुन्यात टिकतात. सफेदा, म्हणजे शिशाचा पांढरा, टिकत नाही. ओल, चुन्याचा क्षार आणि हवा यांच्या तावडीत सापडला की त्याचं हळूहळू लेड डायऑक्साइड होतं, आणि ते गडद तपकिरी-काळं असतं. चिमाबुएने जिथे जिथे उजेड दाखवायला सफेदा लावला तिथे तिथे आज काळं आहे. मातीचे मधले रंग मात्र जसेच्या तसे राहिले. म्हणून तर ते निगेटिव्हसारखं दिसतं. काजळीचा थर असता तर सगळं एकसारखं मळलं असतं, छटा अशा उलटल्या नसत्या.

भिंतीसाठी खरा पांढरा चुन्याचाच. चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने १४०० च्या आसपास त्याची कृती लिहून ठेवली आहे: चांगल्या विरवलेल्या चुन्याची भुकटी आठ दिवस पाण्यात ठेवायची, रोज पाणी बदलायचं, मग छोट्या वड्या करून उन्हात वाळवायच्या. वड्या जितक्या जुन्या तितका पांढरा चांगला. भिंतीवर सफेदा शक्यतो टाळा, तो काळा पडतो, हेही त्यानेच बजावलं आहे.

भिंतवेडा
मग चिमाबुएला हे माहीत नव्हतं? आणि आता ते पुन्हा पांढरं करता येत नाही का?

परांची
माहीत असेल-नसेल, पण सफेद्याची सवय लाकडी फळ्यांवरच्या कामातून आलेली. तिथे तो अंड्याच्या बलकात कालवलेला असतो, भिंतीतला ओला चुना त्याच्यापर्यंत पोचतच नाही. तीच सवय भिंतीवर आली, असं मला वाटतं.

चुनागच्चींच्या उत्तरात एक भर. परांचीच्या एका मजल्यावरून हात पोचेल तेवढ्या सगळ्या पट्ट्यावर एकदम गिलावा द्यायचा, ही जुनी रीत होती. एवढा मोठा पट्टा रंगवून होण्याआधीच सुकतो, मग उरलेलं काम कोरड्यावर, सरस किंवा अंडं घालून करावं लागतं. असा रंग भिंतीत मुरत नाही, नुसता वर बसतो. फ्रान्सिसच्या चरित्रात मात्र दिवसाच्या कामापुरते तुकडे घेतले आहेत. ते ओळखायला बाजूने तिरपा उजेड हवा. जोडावर ज्या तुकड्याची कड शेजारच्यावर चढलेली दिसते तो नंतरचा. काम वरून खाली येतं, म्हणजे गळणारा रंग झालेल्या कामावर पडत नाही. सपाट भिंत, आकाश यांचे तुकडे मोठे आणि चेहऱ्यांचे लहान असतात. चूक झाली तर पुसता येत नाही, तो तुकडा खरवडून पुन्हा गिलावा द्यावा लागतो.

ती चित्रंही अगदी शाबूत आहेत असं नाही. निळ्याची अवस्था बघा. अझुराइट हा खनिज निळा ओल्या चुन्यात चालत नाही, म्हणून तो सुकल्यावर सरसाने लावायचे. ओलीने सरस गेला की निळा भुकटी होऊन गळतो आणि खालचा गडद थर उघडा पडतो.

काळा पुन्हा पांढरा करण्याबद्दल: हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ॲसिटिक आम्ल वापरायची एक रीत आहे. पण आम्ल चुन्याचा गिलावाच खातं. एवढ्या मोठ्या आणि आधीच झिजलेल्या चित्रावर ती वापरावी, या मताचा मी नाही.

भूकंपाने वेगळं नुकसान केलं. २६ सप्टेंबर १९९७ ला छताच्या कमानी कोसळल्या, चार माणसं गेली आणि छतावरच्या चिमाबुएच्या संत मत्तयाच्या चित्राचा चक्काचूर झाला. कमानींच्या पाठीवर, खांद्यांच्या खोबणीत, शतकानुशतकं साचलेला सुटा राडारोडा होता. हादऱ्यात तो सरकला आणि त्याचा भार एका बाजूला आला. दुरुस्तीत तो आधी उपसून काढला.

मठवाचक
भिक्षेवरच्या संघाकडे एवढी चित्रं कशी, या उपप्रश्नाचं उत्तर पैशापेक्षा कायद्यात आहे.

फ्रान्सिस १२२६ मध्ये वारला, जुलै १२२८ मध्ये ग्रेगरी नवव्याने त्याला संत जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी बॅसिलिकाचा पाया घातला. जमीन संघाच्या नावावर नव्हती, पोपच्या होती. बंधूंनी काही बाळगायचं नाही हा नियम कागदावर शाबूत राहिला आणि इमारतही उभी राहिली. पुढे १२६० मध्ये फ्रान्समधल्या नार्बोन इथे भरलेल्या संघाच्या सभेने संघाच्या चर्चांना बंधनं घातली: मुख्य वेदीवरचा भाग सोडून कमानीचं छत नको, रंगीत काचेत चित्रं नकोत, अपवाद फक्त वेदीमागच्या मोठ्या खिडकीचा. असिसी या चौकटीत कधीच बसलं नाही. १२८८ मध्ये निकोलस चौथा पोप झाला, फ्रान्सिस्कनांमधला पहिलाच. त्याने भाविकांचं दान बॅसिलिकाच्या दुरुस्तीला आणि सजावटीला वापरायची मुभा दिली.

नार्बोनच्या सभेत संघाचा प्रमुख बोनाव्हेंतुरा होता. त्यानेच फ्रान्सिसचं अधिकृत चरित्र लिहिलं आणि १२६६ मध्ये संघाने आधीची चरित्रं नष्ट करायचा आदेश काढला. २८ प्रसंग त्याच्याच मजकुरावर बेतलेले आहेत. रंगवणारा प्रसिद्ध चित्रकार जोत्तो की आणखी कोणी, हा वाद अजून मिटलेला नाही. मजकूर कोणाचा, यावर वाद नाही. खालच्या चर्चमध्ये वेदीवरच्या छतात फ्रान्सिसचं दारिद्र्यदेवीशी (स्त्रीरूपात कल्पिलेलं दारिद्र्य) लग्न लागतं, तेही सोनेरी पार्श्वभूमीवर! हा विरोधाभास तेव्हाही टोचत होता, संघात त्यावरून उभी फूट होती.

भिंतवेडा
जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस चर्चमध्येही त्याच्या चरित्राची चित्रं आहेत ना? तीही भिंतीत मुरवलेली का?

मठवाचक
नाही, ती लाकडी फळ्यांवर आहेत, मुख्य वेदीच्या दोन्ही बाजूंना. त्यामुळे वरचं चुन्याचं गणित तिथे लागू नाही. फ्रान्सिस्कन गोव्यात १५१७ मध्ये आले. आजची इमारत १६६१ ची, दरवाजाची दगडी चौकट मात्र आधीच्या चर्चची राखली आहे. वेदीवर क्रुसावरचा येशू आणि शेजारी फ्रान्सिस आहे. त्यांच्या पायाखालच्या चौथऱ्यावर तीन शपथा कोरल्या आहेत: दारिद्र्य, नम्रता, आज्ञापालन. बाकी सगळं सोन्याच्या मुलाम्याचं.