शोअर डायव्हची आखणी : गाईडबुक विकत घ्यावं की संकेतस्थळांवर विसंबावं? (तुलांबेन-आमेद, बाली)

मंडळी, शोअर डायव्हसाठी, म्हणजे बोटीऐवजी किनाऱ्यावरून पाण्यात शिरून करायच्या स्कूबा डायव्हसाठी, मदत हवी आहे.

नवरात्राच्या आधीच्या आठवड्यात नवरा आणि मी बालीच्या ईशान्य किनाऱ्यावर, तुलांबेन आणि आमेदला जाणार आहोत. दोघांकडेही ओपन वॉटरचं, म्हणजे स्कूबाचं सुरुवातीचं प्रमाणपत्र आहे, म्हणजे १८ मीटर खोलीची मर्यादा. आतापर्यंतच्या आमच्या सगळ्या डायव्ह मालवणात आणि अंदमानात बोटीवरून झाल्या. बोटीवर कुठे उतरायचं, कधी वर यायचं आणि आज जायचंच नाही, हे सगळं तांडेल आणि इन्स्ट्रक्टर ठरवतात. तुलांबेनला मात्र हवेचा टँक पाठीला लावून दगडगोट्यांवरून चालत पाण्यात शिरायचं असतं. तिथला गाईड सोबत घेणार आहोतच, त्याबद्दल दुमत नाही. पण तो काय सांगतोय हे नीट कळण्याइतकी आणि वेळ आली तर "आज नको" म्हणण्याइतकी माहिती आपल्यापाशी हवी, असं मला मनापासून वाटतं. ती आणायची कुठून, हा माझा प्रश्न आहे.

एका छापील गाईडबुकची नमुन्याची पानं वाचली आणि खरं सांगते, मोहात पडले. समुद्राचा तळ कसा उतरत जातो, खडक कुठे संपून काळी वाळू कुठे सुरू होते, किनाऱ्यावरच्या कोणत्या खुणेपाशी पाण्यात शिरायचं, हे सगळं एका नकाशात. असं एकसंध चित्र मला कुठल्याही संकेतस्थळावर मिळालं नाही. तिथे फोटो भरपूर, पण तो फोटो काढणारा नेमका कुठे होता हे कळत नाही.

अडचण अशी की पुस्तक जुनं आहे, आणि तुलांबेनचं मुख्य आकर्षण म्हणजे लिबर्टी हे अमेरिकी मालवाहू जहाज. ११ जानेवारी १९४२ ला जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागून ते निकामी झालं. ओढत सिंगराजा बंदराकडे नेताना पाणी भरायला लागलं, म्हणून तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवलं. तिथे ते वीस वर्षांहून जास्त पडून होतं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि ते घसरून पाण्यात गेलं. आता त्याचा सगळ्यात उथळ भाग साधारण ५ मीटरवर, तर सगळ्यात खोल भाग ३० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे आमच्या प्रमाणपत्रावर वरचा भाग बघता येईल, खालचा नाही. खाऱ्या पाण्यात इतकी वर्षं गंजणाऱ्या लोखंडाचे भाग ढासळत राहणारच. मग "या भोकातून आत शिरून त्या बाजूनं बाहेर या" असं जुन्या पुस्तकात लिहिलेलं असेल तर ते भोक आज आहे का? (आत शिरायचा आमचा विचार नाहीच, त्याचं प्रशिक्षण घेतलेलं नाही. पण एक गोष्ट बदलली तर बाकीच्यावर किती विश्वास ठेवायचा, हे कळत नाही.)

संकेतस्थळांची तऱ्हा वेगळी. तीन पानांवर जहाजाच्या उथळ टोकाची तीन वेगवेगळी खोली. मोजताना भरती होती की ओहोटी, याचा एकाही ठिकाणी उल्लेख नाही. बऱ्याच लेखांवर तारीखच नसते. शिवाय "अगदी सोपी डायव्ह" हे शब्द सगळीकडे, पण सोपी कोणाला? थंड पाण्यात, जाड सूट घालून, खडकांवरून वर्षानुवर्षं उतरणाऱ्या माणसाला जे सोपं, ते बोटीवरून उडी मारायची सवय असलेल्या आम्हाला सोपं असेलच असं नाही.

लाटांच्या अंदाजाबद्दल एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली, इथे मुद्दाम लिहिते. बालीच्या लाटांचा अंदाज शोधला की पहिल्यांदा सर्फिंगची पानं येतात. ती कुटा आणि उलुवातूसाठी, म्हणजे दक्षिण किनाऱ्यासाठी. तिथे हिंद महासागराची लाट थेट येऊन आदळते. तुलांबेन ईशान्येला आहे, मध्ये अख्खं बेट. म्हणजे तो आकडा बघून आपण उगाच घाबरू शकतो, किंवा तिकडे शांत आहे म्हणून इथल्या वाऱ्याकडे दुर्लक्ष करू शकतो. विंडी या हवामानाच्या संकेतस्थळावर नेमकं तुलांबेनवर बोट ठेवून वारा आणि लाट बघता येते. ते मला पटलं. पण किती उंचीच्या लाटेला थांबायचं, हे कोण सांगणार?

चेंदणी कोळीवाड्यातले आमच्या ओळखीचे एक काका आहेत, त्यांच्यापाशी हा विषय काढला. त्यांनी तारीख ऐकली आणि लगेच म्हणाले, "पोरी, सर्वपित्रीला अमावास्या. तुझं उधाण तिथंच पडतंय." खरंच की! तिथीला पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, म्हणजे चतुर्थीला तीनच्या सुमारास, हा आपल्याकडचा हिशोब मी ऐकला होता. तो हिशोब बालीला लागू होणार नाही, कारण प्रत्येक बंदराची भरतीची वेळ वेगळी. पण चंद्र एकच आहे, त्यामुळे अमावास्येच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी, तिकडेही असणार आणि अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी. हे मला कोणत्याही पुस्तकात किंवा प्रवासाच्या पानावर आमच्या तारखांना जोडून मिळालं नाही. काकांनी पुढे विचारलं, "आत जाल कुठूनही. लाट वाढली तर बाहेर कुठून येणार?" त्या दिवसापासून मी दोन्हीकडे हेच शोधतेय. आत शिरायच्या जागेबद्दल सगळे लिहितात. बाहेर यायच्या दुसऱ्या जागेबद्दल जवळजवळ कोणी लिहीत नाही.

आणखी एक शंका. एका संकेतस्थळावर तयार कार्यक्रम मिळाला : तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तुलांबेनला डायव्ह, चौथ्या दिवशी पहाटे बातूर डोंगरावर सूर्योदय. नवऱ्याला हा फार आवडलाय. बातूर १७१७ मीटर उंच. डायव्हनंतर शरीरात विरघळलेल्या वायूचे उंचावरच्या कमी दाबात बुडबुडे होऊ नयेत म्हणून विमान टाळतात, तसं डोंगरही टाळायला हवेत ना?

तर अनुभवी मंडळींनी सांगावं : पुस्तकावर पैसे घालावेत का? घेतलं तर त्यातलं काय धरायचं, काय सोडायचं? संकेतस्थळाचा खरेपणा तुम्ही कसा तपासता? आणि असं पुस्तक विकत घेण्याआधी चाळायला ठाण्यात किंवा फोर्टात कुठे मिळेल का?

प्रतिसाद (नेरूळहून)

ताई, डोंगराचं आधी सांगतो, कारण ते सगळ्यात महत्त्वाचं. तो कार्यक्रम उलटा करा. बातूर आधी, डायव्ह नंतर. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या संस्थेची शिफारस अशी की एकच साधी डायव्ह असेल तर विमानाआधी किमान १२ तास आणि रोज किंवा एकापेक्षा जास्त डायव्ह असतील तर किमान १८ तास थांबावं. ही शिफारस विमानातल्या साधारण ६०० ते २४०० मीटर उंचीइतक्या दाबासाठी आहे. १७१७ मीटर त्याच्या आतच येतात. दुपारी पाण्यातून बाहेर पडून पहाटे चढायला लागलात तर १८ तास होतच नाहीत, वर चढण्याचे श्रम वेगळेच. परतीचा रस्ता किंतामणीवरून जात असेल तर तोही असाच धरा, ते ठिकाण साधारण दीड हजार मीटरवर आहे. ड्रायव्हरला किनाऱ्याच्या रस्त्यानं न्यायला सांगा.

पुस्तकाबद्दल. मी घेतलं होतं आणि पुन्हा घेईन, पण फक्त तळासाठी. तळाचा उतार, भिंत कुठे सुरू होते, किनारा कोणत्या दिशेला, या गोष्टी हळू बदलतात. हॉटेल, दर, दुकानं ही पानं मी वाचतच नाही. आवृत्तीचं साल बघू नका, प्रस्तावनेत लेखकानं प्रत्यक्ष डायव्ह कधी केल्या ते शोधा. नवीन आवृत्तीत जुनाच मजकूर असू शकतो. आणि जहाजाचं चित्र असेल तर ते ओळख पटवण्यापुरतं, वाट शोधण्यासाठी नाही.

संकेतस्थळांचा खरेपणा मी एका साध्या गोष्टीवरून बघतो. लिहिणाऱ्यानं एखादी डायव्ह रद्द केल्याचं लिहिलंय का? ज्याच्या लेखात वर्षभर रोज समुद्र शांतच असतो, तो आपल्याला काही तरी विकतोय. डायव्ह सेंटरला मेल करताना "कशी परिस्थिती आहे" असं मोघम विचारू नका, सगळे "उत्तम" म्हणतात. विचारा, गेल्या महिन्यात किनाऱ्यावरून जाणं कधी रद्द केलं आणि का? लाट वाढली तर बाहेर कुठून काढता? मला दोन सेंटरांकडून उत्तर आलं. एकानं फक्त दरपत्रक पाठवलं, दुसऱ्यानं सगळं सविस्तर लिहिलं. मी दुसऱ्याकडे गेलो.

तुमच्या काकांचा प्रश्न लाख मोलाचा आहे. तुलांबेनचा किनारा गोल गुळगुळीत दगडांचा. लाट आली की ते दगड पायाखाली सरकतात. जाड तळव्याच्या बूटीज (पाण्यात घालायचे बूट) न्या, पातळ मोज्यांसारख्या नकोत. फिन्स (पायातली वल्ही) कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावर घाला. बाहेर येताना कोरड्यावर पोचेपर्यंत रेग्युलेटर, म्हणजे टँकमधली हवा घ्यायची नळी, तोंडातून काढू नका. पाय घसरला तरी श्वास चालू राहतो. टँक किनाऱ्यापर्यंत तिथल्या बायका डोक्यावरून वाहून आणतात, त्यांना मान द्या आणि मोबदलाही.

किती लाटेला थांबायचं, याला एक आकडा नाही. उंचीबरोबर दोन लाटांमधलं अंतर किती सेकंदांचं, तेही बघा. त्याच उंचीची पण लांब अंतराची लाट किनाऱ्यावर जास्त जोरानं येते. मी तिथे पोचल्यावर पंधराएक मिनिटं नुसता उभा राहून बघत असे. या वेळात मला बिनधास्त चालत बाहेर येता येणार नाही असं वाटलं, तर आतही जात नसे. आणि सकाळी लवकर जा. दक्षिणेकडून दिवसभराच्या सहलीला येणाऱ्यांच्या गाड्या पोचायच्या आधी जहाजापाशी निवांतपणा असतो.

प्रतिसाद (कळव्याहून)

वरच्या दादांशी बाकी सगळं पटतं, पण गाईड घेणारच असाल तर डायव्हच्या पुस्तकाऐवजी मासे ओळखायचं पुस्तक घ्या. ते दहा वर्षांनीही जुनं होत नाही आणि परत आल्यावर मालवणातही उपयोगी पडतं. भरतीचं अ‍ॅप वापरलंत तर वेळ कोणती दाखवतंय ते बघून घ्या. बाली आपल्या अडीच तास पुढे आहे, आणि काही अ‍ॅप फोन ज्या देशात असेल तिथलीच वेळ दाखवतात. इथे बसून आखणी करताना हमखास गोंधळ होतो.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. बातूर पहिल्या दोन दिवसांत हलवलं, नवरा तयार झाला. विमान शेवटच्या डायव्हनंतर पूर्ण दिवस सोडून आहे, तेही पुन्हा तपासलं.

नेरूळच्या दादांनी सांगितलेले प्रश्न आज दोन सेंटरांना पाठवते. उत्तरं आली की इथेच लिहीन, म्हणजे पुढे कोणाला शोधावं लागणार नाही. तारखाही चार दिवस अलीकडे ओढता येतील असं दिसतंय, म्हणजे आमच्या डायव्ह अष्टमीच्या आसपास, भांगात पडतील. पुस्तकाचं अजून ठरत नाहीये. दादा, तुम्ही घेतलेल्या पुस्तकात आमेदच्या जेमेलुक खाडीचा तळ दाखवलाय का? पहिली डायव्ह जहाजावर न करता तिथे करावी असं आता वाटतंय, आणि बाहेर यायच्या जागा आधी डोळ्यांखालून घालायच्या आहेत. तेवढं पान तुम्ही बघून सांगितलंत तर घ्यायचं की नाही हे लगेच ठरेल.