अंगणातलं सागाचं बाकडं वाचवायचंय, लाकूड आणि स्क्रू कुठले घेऊ?

गुहागरची लेक
घर गुहागरला, वाडीतून खाली उतरलं की थेट पुळण. अंगणात आजोबांच्या वेळचं सागाचं बाकडं आहे. पाठ आणि हात अजून टणक आहेत, पण बसायच्या फळ्या खिळ्यांपाशी काळ्या पडून भुसभुशीत झाल्यात आणि मागचे पाय खालून कुजलेत. सुतार म्हणतो, टाकून द्या, प्लायचं नवीन करतो. मला ते टाकवत नाही. वादळात पडलेल्या फणसाच्या फळ्या कापून ठेवल्यात, त्या चालतील की साग विकत घेऊ? पॉलिश कुठलं करू?

वखारीतला
ताई, अजिबात टाकू नका. फळी नेमकी खिळ्यांपाशीच का काळी पडली ते बघा. लोखंड ओलं झालं की सागातल्या टॅनिनशी (लाकडातलं तुरट द्रव्य) मिळून काळा डाग धरतं. गंजून खिळा फुगतो, भोक सैल होतं आणि पुढचा पाऊस त्याच भोकातून आत मुरतो. कितीही भारी फळी घातलीत आणि पुन्हा लोखंडी खिळे ठोकलेत, तर हेच होणार. म्हणून आधी पैसे स्क्रूवर घाला.

स्टेनलेस स्टील घ्या, समुद्र इतका जवळ असेल तर ३१६ ग्रेडचंच. दुकानात सर्रास ३०४ देतात, त्यावर खाऱ्या हवेत तपकिरी डाग आणि बारीक खड्डे पडतात. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम नावाचा धातू असतो, त्यामुळे ते मिठाला बरंच दाद देत नाही. बोटींचं सामान विकणाऱ्याकडे विचारा. नाहीच मिळालं तर पितळेचे, पण पितळ मऊ असतं, आधी ड्रिलने भोक पाडूनच पिळा.

फणस चालेल, फक्त गाभ्याचं पिवळं लाकूड घ्या. कडेची पांढरी पट्टी रंधून काढा, कीड आणि वाळवी तिथूनच सुरुवात करते. फळ्या सुकल्यात ना? इंचभर जाडीला सावलीत साधारण वर्ष धरतात.

मालवण किनारा
प्लायला माझाही विरोध. आयएस ७१० (भारतीय मानक) चा मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय, चांगला असतो, पण उघड्यावर कापलेल्या कडेतून पाणी शिरलं की थर सुटायला लागतात.

आमच्याकडे होड्यांना काजूच्या टरफलांचं तेल लावत आलेत, वाळवी फिरकत नाही. पायांच्या तळाला ते लावा. बसायच्या जागी मात्र नको, आणि लावताना हातमोजे हवेतच, अंगाला लागलं तर फोड येतात.

वखारीतला
तेलाचं बरोबर आहे. पायांचा कुजका भाग पूर्ण कापा, निरोगी लाकूड लागेपर्यंत. तिरका लांब सांधा घेऊन सागाचा तुकडा इपॉक्सीने (दोन भाग मिसळून लावायचा पक्का गोंद) जोडा. तळ म्हणजे लाकडाचं उघडं तोंड, पाणी तिथून सगळ्यात जास्त चढतं, म्हणून तेल पिईल तेवढं पाजा. पायाखाली जांभ्याचा चिरा ठेवू नका, तो पाणी धरून ठेवतो. कडाप्प्याचे तुकडे ठेवा. दोन फळ्यांत करंगळी जाईल एवढी फट सोडा, पाणी साचायला नको.

वॉर्निशच्या नादी लागू नका. उन्हाने पापुद्रा तडकतो, खाली पाणी अडकतं आणि पुढच्या खेपेला सगळं खरवडावं लागतं. बाहेरच्या लाकडाचं बुरशीनाशक असलेलं तेल मिळतं, ते दिवाळीनंतर एकदा आणि पावसाआधी एकदा. नुसतं जवसाचं तेल आपल्या दमट हवेत काळी बुरशी धरतं.

गुहागरची लेक
दोघांचेही मनापासून आभार. फणसाच्या फळ्या पडवीत वर्षाहून जास्त आहेत, तेव्हा त्याच घालते. पण जुन्या सागाशेजारी पिवळाजर्द फणस विसंगत दिसेल का?

मालवण किनारा
सुरुवातीला दिसेल. ऊन लागलं की फणस हळूहळू तपकिरी होत जातो. रंग देऊन झाकू नका, पहिलं तेल पोटभर पिऊ द्या. आणि हे काम पाऊस गेल्यावरच काढा, आत्ता लाकूड ओलं असेल तर सांधा धरणार नाही.