ग्रूटहूझे : आडनावाचा अर्थ ‘मोठे घर’ की दुसरेच काही?

फोंडेकार
बेल्जियममध्ये, फ्लँडर्समधल्या ब्रुज शहरातल्या ग्रूटहूझे घराण्यावर दिवाळी अंकासाठी टिपण करायचे आहे. आडनावाची फोड ‘ग्रूट म्हणजे मोठे, हूझे म्हणजे घर’ अशी ऐकली. वाड्याचा पसारा पाहता पटतेही. बरोबर आहे का? शिवाय घराण्याची ढाल, म्हणजे ढालीच्या आकारातले कुलचिन्ह, चार भागांची आहे : सोनेरीवर काळा क्रूस, तांबड्यावर पांढरी फुली. यात घर कुठेच दिसत नाही. मग ढालीचा नावाशी संबंध काय, आणि तिचे मराठीत वर्णन कसे करावे?

जुने_दप्तर
‘मोठे घर’ नव्हे. डचमध्ये मोठ्याला ‘ग्रोट’ म्हणतात. इथला शब्द ‘ग्रूट’, म्हणजे बिअरमध्ये घालायचा वनस्पतींचा मसाला. त्यात मुख्य असे ते दलदलीत वाढणारे गॅगल नावाचे सुगंधी झुडूप. हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी वेलीची फुले) रुळण्याआधी बिअरला चव यायची ती या मसाल्याची, आणि तो पुरवण्याचा व त्यावर कर घेण्याचा हक्क ब्रुजमध्ये या घराण्याकडे वंशपरंपरेने होता. मसाला साठवायचे कोठार ते ‘ग्रूटहूझे’.

थोडक्यात, हे वतन आहे. देसाई, सरदेसाई ही आडनावे जशी हक्कातून आली, तसेच हे. चौदाव्या शतकात हॉप्सची बिअर पसरली आणि मसाल्याला गिऱ्हाईक उरले नाही. पण हक्क बुडाला नाही, तो थेट बिअरवरच्या करात गेला. मसाला गेला, वसुली राहिली! आज जो वाडा दिसतो तो पंधराव्या शतकातला, म्हणजे नाव वाड्याहून जुने आहे. वाड्यावरून नावाचा अर्थ लावला की इथेच घोटाळा होतो.

टिपणात एक सांभाळा. घराण्यातला सर्वांत प्रसिद्ध पुरुष लोडेवाइक. तो ‘व्हान ब्रुगे’, म्हणजे ब्रुजचा, असेच लिहायचा. ‘ग्रूटहूझेचा धनी’ हा पुढचा किताब. फ्रेंच पुस्तकांत तोच ‘लुई द ब्रुज’ होतो. ही दोन माणसे समजू नका.

ढालतलवार
ढालीत नावाचा अर्थ शोधणे हीच मुळात चूक. नावावरून कोडे घालणाऱ्या ढाली असतात, ही त्यातली नाही. चार भाग पाडले की बहुधा दोन घराणी एकत्र आली असे समजावे. इथे पहिल्या आणि चौथ्या भागात सोनेरीवर काळा क्रूस, दुसऱ्या आणि तिसऱ्यात तांबड्यावर रुपेरी फुली. फुली आली व्हान डर आ घराण्याकडून.

भागांचा क्रम ढाल धरणाऱ्याच्या बाजूने मोजतात. त्याच्या उजव्या हाताचा वरचा भाग पहिला, म्हणजे तो बघणाऱ्याच्या डावीकडे येतो. चित्र उलट छापले की क्रूसाच्या जागी फुली जाते आणि घराण्यांचा मान बदलतो. छापखान्यात हे नेहमी होते.

रंगाचा नियमही ध्यानात ठेवा : सोनेरी-रुपेरी हे धातू, बाकीचे रंग, सहसा धातूवर रंग किंवा रंगावर धातू येतो. पिवळ्यावर पांढरे दिसले तर आधी चित्रकारावर संशय घ्या.

लोडेवाइकची आणखी एक ढाल आहे. इंग्लंडचा चौथा एडवर्ड 1470 मध्ये पळून आला तेव्हा त्याला याने आसरा दिला. त्याची परतफेड म्हणून 1472 मध्ये विंचेस्टरची अर्लकी आणि नवी ढाल मिळाली : निळ्यावर दहा सोनेरी, मधून पोकळ शंकरपाळ्या, आणि कोपऱ्यात इंग्लंडचा सिंह. जुनी ढाल आणि ही ढाल एकाच ओळीत कोंबू नका.

त्याची हस्तलिखिते पाहणार असाल तर सावध. 1492 मध्ये तो वारला, आणि पुढे ग्रंथ फ्रान्सच्या बाराव्या लुईकडे गेले. तिथे पुष्कळ पानांवर ग्रूटहूझेची ढाल झाकून वर फ्रान्सच्या राजाची रंगवली. वरचे चित्र पाहून मालक ठरवला तर चुकतो. पानाच्या कडेला उखळी तोफ ही त्याची खूण दिसली, ‘प्लू ए आं व्हू’ (तुझ्यात याहून अधिक आहे) हे त्याचे बोल दिसले, तर पान मूळ त्याचेच.

कुडतरी
यावरून एक विचारतो. अझोरेस या अटलांटिकमधल्या पोर्तुगीज बेटांवर गेलेल्या फ्लेमिश, म्हणजे फ्लँडर्सच्या, व्हान डर हागेनचे ‘सिल्वेरा’ झाले. मग गोव्यातले सिल्वेरा फ्लेमिश का?

जुने_दप्तर
नाही, कुडतरी बाब. विलेम व्हान डर हागेन पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अझोरेसला गेला आणि गिल्येर्मे दा सिल्वेरा झाला हे खरे. ‘हाग’ म्हणजे कुंपणाची झाडी, ‘सिल्वेरा’ काटेरी झुडपांचे. नावाचे भाषांतरच झाले. पण पोर्तुगालात सिल्वेरा आधीपासून होते. 1538 मध्ये दीव लढवणारा आंतोनियु, 1556 मध्ये गोव्यात जेझुइट पाद्रींचा प्रोव्हिन्शियल (प्रांतप्रमुख) झालेला गोंसालु, दोघेही त्या पोर्तुगीज सिल्वेरांतले. शिवाय इथे बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मबापाचे किंवा पाद्रीचे आडनाव लागायचे. त्यामुळे आडनावावरून रक्त सांगता येत नाही, ढाल तर नाहीच. वंश पाहायचा तर वांगड (गावातले मूळ कूळ) आणि गावकारी (गावच्या मूळ कुळांची संस्था) पाहा.

ढालतलवार
पोर्तुगीज सिल्वेरांची ढाल : रुपेरीवर तीन तांबडे आडवे पट्टे. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चच्या फरशीत ढाली कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत. तिथे आडवे पट्टे दिसले म्हणून लगेच सिल्वेरा म्हणू नका. दगडाला रंग नसतो आणि पट्टे अनेकांचे. ठिपके म्हणजे सोने, कोरे म्हणजे रुपे, उभ्या रेघा तांबडे, आडव्या निळे ही खूण सतराव्या शतकात रूढ झाली. त्याआधीच्या शिळेवर ती शोधणे व्यर्थ. आधी लेखातले नाव वाचा, मग ढाल.

फोटो समोरून फ्लॅश मारून काढला की कोरीव काम सपाट दिसते. बॅटरी जवळजवळ जमिनीलगत ठेवून प्रकाश आडवा टाका, मग दिशा बदलून पुन्हा काढा. खडू किंवा कोळसा घासू नका. संरक्षित स्मारक आहे, आणि दगडाची धारही जाते.

फोंडेकार
मग वर्णन असे लिहितो : ‘ढाल चौभागी, पहिल्या व चौथ्या भागात सोनेरीवर काळा क्रूस, दुसऱ्या व तिसऱ्यात तांबड्यावर पांढरी फुली.’ चालेल?

ढालतलवार
‘पांढरी’ काढून ‘रुपेरी’ घाला, धातू आहे. आणि क्रूस कडेपर्यंत भिडतो हे चित्रकाराला सांगा, नाहीतर तो मधोमध लहानसा काढून देईल.